झिरो माईलवरून मोजलेले लंडन

नागपुरात विधानभवनाजवळून रोज हजारो माणसे जातात आणि त्यांतली फार थोडी झिरो माईलच्या स्तंभापाशी थांबतात. चार दगडी घोडे आणि एक वालुकाश्माचा स्तंभ, एवढेच तिथे दिसते. मी एकतीस वर्षे मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी आठवीच्या मुलींना तिथे नेले. हा भारताचा मध्य आहे असे लोक म्हणतात, त्यावर वाद आहेत, पण १९०७ साली इथे कोरलेल्या उंचीविषयी वाद नाही, ही गोष्ट मी त्यांना आवर्जून सांगत असे. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. माणसांनी टप्प्याटप्प्याने, हातात दुर्बीण आणि पट्टी घेऊन, समुद्रापासून इथपर्यंत चालत येऊन हा आकडा आणला आहे, असे मी सांगायचे आणि मुली दशांश चिन्हानंतरचे तीन अंक वहीत उतरवून घ्यायच्या. इतकी वर्षे शिकवलेल्या या आकड्याचा अर्थ मला स्वतःला नीट कळला तो मात्र गेल्या जूनमध्ये, लंडनमध्ये, एका निवृत्त भूकरमापकाबरोबर फिरताना.

माझा मुलगा लंडनला असतो आणि त्याच्याकडे राहण्याची माझी ही तिसरी खेप होती. त्याच सुमारास माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि तिचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणते, एका सहल कंपनीबरोबर युरोप पाहायला निघाले होते. निघण्यापूर्वी तिने त्या कंपनीला विचारले होते की लंडनमध्ये बाबासाहेबांचे घर आहे, तिथे अर्धा तास थांबता येईल का. त्यावर, कार्यक्रमात बसत नाही, असे उत्तर मिळाले. तिने वाद घातला नाही. लंडनच्या मुक्कामात एक दिवस मोकळा होता, तो तिने त्यासाठी राखून ठेवला आणि मला फोन केला. "मला लंडनात एकच जागा पाहायची आहे. बाकीचं तू दाखवशील ते," एवढेच ती म्हणाली.

इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. ती इंदोऱ्याची आणि मी धरमपेठेची. दोघी एकाच बाकावर बसून शिकलो, एकमेकींच्या डब्यातले खाल्ले, पण दीक्षाभूमीवर मी पहिल्यांदा गेले ते चाळिशी उलटल्यावर, तिच्याबरोबर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिची आई पंधरा वर्षांची होती, पांढरे लुगडे नेसून उमरेडकडच्या एका गावातून आईवडिलांबरोबर आली होती आणि त्या अफाट गर्दीत उभी राहून तिने दीक्षा घेतली होती. जे माझ्या शहरात घडले, माझ्या घरापासून दोनअडीच मैलांवर घडले, ते पाहायला मला निम्मे आयुष्य लागले. लंडनमध्येही तसेच झाले होते. दोन वेळा महिनोन् महिने राहून मी राजवाडा पाहिला, संग्रहालये पाहिली, बागा पाहिल्या, पण किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर पाहिले नव्हते. तिच्या फोननंतर मला याची फार खंत वाटली.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही चॉक फार्म स्थानकाबाहेर भेटलो. गडद लाल चकचकीत फरशांची ती इमारत १९०७ सालची आहे, म्हणजे आपल्या झिरो माईलच्या वयाची, हे मी सांगितल्यावर भाऊजींनी तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. भाऊजी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली अशी त्यांची सारी नोकरी शिवारातल्या मोजणीत गेली. बोलणे मोजके, चाल एकसारखी, आणि एक सवय अशी की नवीन काही दिसले की ते लगेच नागपूरच्या कशाशी तरी लावून पाहायचे. स्थानक अजनीपेक्षा लहान आहे. रस्ता रामदासपेठेसारखा आहे, पण झाडे त्याहून जुनी आहेत. टेकडी म्हणतात ती सेमिनरी हिल्सपेक्षा ठेंगणी आहे. परदेशात आलेल्या आपल्या माणसांची ही 'आपल्याकडे' म्हणण्याची सवय मला आवडत नसे. जे समोर आहे ते त्याच्याजागी पाहावे, प्रत्येक वेळी घर मध्ये आणू नये, असे माझे मत होते, आणि त्या सकाळी मी ते मनातल्या मनात दोनतीनदा घोकलेही.

किंग हेन्रीज रोड हा शांत, रुंद रस्ता आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांना लागून उभी असलेली विटांची उंच घरे आहेत आणि त्यांतल्याच एका घरावर निळी गोल पाटी आहे: डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, १९२१–२२ मध्ये येथे राहत होते. लंडनला बाबासाहेब पहिल्यांदा आले ते १९१६ साली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत शिकायला. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, १९२० साली ते पुन्हा इथे आले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी., अशी ती तीन वर्षे आहेत. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. निवासी वस्तीत स्मारक असावे की नसावे यावर पुढे नियोजन परवानगीचा वाद झाला, सार्वजनिक चौकशी झाली आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली.

मैत्रिणीने दारातच चपला काढल्या. तसे करण्याची काही गरज नव्हती, पण तिला कोणी अडवले नाही. आत भिंतींवर छायाचित्रे आहेत, पत्रे आहेत, पुस्तके आहेत. ती प्रत्येक छायाचित्रापाशी थांबत होती, जणू नातेवाइकांच्या घरी जाऊन अल्बम पाहावा तशी, कारण त्यांतली बरीचशी तिने लहानपणापासून आपल्या घराच्या भिंतीवर पाहिलेली होती. वरच्या खोलीत गेल्यावर मात्र ती एका जागी उभी राहिली. पलंग, टेबल, खिडकी. लंडनच्या त्या दिवसांत बाबासाहेब सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसत ते बंद होईपर्यंत उठत नसत, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या एका माणसाने दिलेले पापड भाजून, कपभर बोव्हरिलबरोबर, म्हणजे मांसाच्या अर्काच्या गरम पेयाबरोबर, खाऊन पुन्हा वाचायला बसत, ही हकिकत तिच्या घरात आई सांगायची. आमच्या शाळेच्या दिवसांत तिच्या डब्यात कधी पापड असला की ती तो शेवटी खायची, हे मला त्या खोलीत एकदम आठवले. त्याचे कारण मी तिला कधी विचारले नव्हते. आताही विचारले नाही.

याच वेळी भाऊजी खोलीच्या एका कडेने हळूहळू चालत होते. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले, वळले, आडव्या बाजूने गेले. ओठ हलत होते. कशालाही हात न लावता त्यांनी खिडकीची जागा नजरेने घेतली आणि खिशातून लहान वही काढून पेन्सिलीने काहीतरी टिपले. मला ते जरा विचित्र वाटले. बायकोचे डोळे भरून आलेले आहेत आणि हा गृहस्थ पावले मोजतो आहे, असा विचार मनात आला. आज तो विचार लिहिताना मला वाईट वाटते, पण तो आला होता.

तिथून नॉर्दर्न लाइनने चेरिंग क्रॉस. ट्राफल्गार चौकात नेल्सनचा खांब आहे, सिंह आहेत, कारंजी आहेत, हे सगळ्यांना माहीत असते आणि सगळे त्याचीच छायाचित्रे काढतात. मी भाऊजींना चौकाच्या दक्षिणेला घोड्यावर बसलेल्या राजा पहिल्या चार्ल्सच्या पुतळ्याकडे नेले, कारण लंडनपासूनची मैलांची अंतरे ज्या जागेपासून मोजतात ती ही जागा आहे. इथे पूर्वी एलिनॉर राणीच्या स्मरणार्थ उभारलेला चेरिंग क्रॉस होता. तो गेला, पण मैल अजून त्याच्याच जागेपासून मोजले जातात आणि तशी पाटी तिथे जमिनीत बसवलेली आहे. "म्हणजे हा यांचा झिरो माईल," भाऊजी म्हणाले. थोडे थांबून त्यांनी आपल्या स्तंभावरची अंतरे म्हणून दाखवली: जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. "घोडा इथेही आहेच," मैत्रीण म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली.

पण त्यांना खरे खिळवले ते दुसऱ्याच गोष्टीने. चौकाच्या उत्तरेकडे, पायऱ्यांपाशी, १८७६ साली लोकांसाठी बसवलेली लांबीची प्रमाणमापे आहेत. इंच, फूट, यार्ड. कोणीही यावे आणि आपली पट्टी बरोबर आहे का ते पडताळून पाहावे, यासाठी ती उघड्यावर ठेवली. मी त्या पायऱ्यांवर कितीदा तरी बसले होते, सँडविच खाल्ले होते, पण ती मला कधी दिसली नव्हती. भाऊजी वाकले, फुटाच्या मापावर त्यांनी आपली वीत ठेवली आणि वितेच्या टोकाला दुसऱ्या हाताची चार बोटे आडवी लावली. वीत नऊ इंच, चार बोटे तीन इंच. बोटाची कड फुटाच्या रेघेवर नेमकी टेकली. मग यार्डावर चार विती. त्याही बसल्या. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आले ते मी विसरणार नाही; चाळीस वर्षे ज्या हाताने मोजले तो हात अजून खरा आहे, याचे ते समाधान होते.

तिथल्याच पायरीवर बसून आम्ही मैत्रिणीने आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि भाऊजींनी मला एकराची गोष्ट सांगितली. एडमंड गंटर नावाचा खगोलशास्त्राचा प्राध्यापक याच लंडन शहरात शिकवत होता. चारशे वर्षांपूर्वी त्याने जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी काढली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब तो एकर; ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. आपल्याकडे मुंबई इलाख्यात मोजणीसाठी ३३ फुटांची शंकूसाखळी आली, ती बरोबर त्याच्या निम्मी. तिच्या लांबीइतका लांब आणि तितकाच रुंद चौरस म्हणजे गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे तोच एकर. "भाऊ-भाऊ बांधावरून कोर्टात जातात नं ताई, वितभर जागेसाठी," ते म्हणाले, "ती वीत इथून गेलेली आहे. मी जन्मभर मोजत होतो, पण त्याचं मूळ टोक आज पाहून राहिलो." मला तेव्हा जाणवले की जो माणूस 'आपल्याकडे' असे म्हणतो तो दर वेळी समोरचे पाहण्याचे टाळत नसतो, या माणसाला जे दिसले ते मला तीन खेपांत दिसले नव्हते, आणि ते दिसले याचे कारण त्याच्या हातात घरून आणलेले माप होते.

चौकातून एम्बँकमेंटच्या धक्क्यापर्यंत पाच मिनिटांचे चालणे आहे. तिथून ग्रीनिचला जाणारी बोट मिळते. जूनमध्येही नदीवरचा वारा अंगाला झोंबतो, त्यामुळे मैत्रिणीने शाल डोक्यावरून घेतली आणि आम्ही मागच्या उघड्या डेकवर उभे राहिलो. डावीकडे जो दगडी काठ जात होता तो जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने बांधलेला आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी इतकी वाढली की काठावरच्या संसदेला काम करणे अशक्य झाले, आणि मग शहराचे सांडपाणी नदीत न सोडता काठाने पूर्वेकडे दूर वाहून नेणारी भुयारी गटारे मंजूर झाली. आपण चालत आलो तो रस्ता त्यांतल्याच एका मोठ्या गटारावर उभा आहे, हे मी सांगितले. त्यावर मैत्रीण म्हणाली, "तरी शंभर वर्षांनी ती पुन्हा मेलीच होती ना?" तिने कुठेतरी वाचले होते, आणि ते खरे होते: १९५७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने टेम्सच्या काही भागाला जैविकदृष्ट्या मृत ठरवले होते. आज त्याच पाण्यात मासे आहेत आणि नदीत सील येतात. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. आमच्या लहानपणी नाग नदीला लोक नदी म्हणत, आता नाला म्हणतात. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले तिच्या पुलावरून जाताना आम्ही नाकाला पदर लावतो. आम्ही दोघींपैकी कोणीच ते बोलून दाखवले नाही. बोट टॉवर ब्रिजखालून गेली, सगळ्यांनी मोबाइल वर केले, आणि भाऊजी मात्र पुलाच्या खांबांवर ओल किती उंचीपर्यंत आहे ते पाहत होते, कारण टेम्सला भरती-ओहोटी असते आणि समुद्र इथपर्यंत आत येतो.

ग्रीनिचची टेकडी चढायला मैत्रिणीला वेळ लागला. मी मुद्दाम हळू चालत होते, कारण मला स्वतःलाच थोडी धाकधूक वाटत होती. जन्मभर फळ्यावर एक उभी रेघ ओढून 'हे मूळ रेखावृत्त' असे म्हणायचे, आणि ती रेघ प्रत्यक्ष पाहायची, हे काही साधे नसते. पहिल्या दोन खेपांत मी इथे आले होते, पण मुलगा आणि सून घाईत होते. या वेळी घाई नव्हती. १६७५ साली दुसऱ्या चार्ल्सने ही वेधशाळा काढली, ती समुद्रावरच्या जहाजांना आपले स्थान कळावे म्हणून. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांपैकी बावीस जणांनी ही रेघ सगळ्या जगाची शून्य रेघ म्हणून मान्य केली. सँटो डोमिंगोने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. म्हणजे हे शून्य निसर्गाने दिलेले नाही, माणसांनी मते घेऊन ठरवलेले आहे. विषुववृत्त शोधावे लागते, मूळ रेखावृत्त ठरवावे लागते, हे वाक्य मी दर वर्षी वर्गात म्हणत असे. नागपूर या रेघेपासून साधारण ७९ अंश पूर्वेला आहे आणि आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर चालते, म्हणून नागपुरात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी सव्वाबाराला एखादे मिनिट कमी असते. मुलींना मी हे काठी रोवून, तिची सावली मोजून दाखवायचे.

अंगणात धातूची रेघ आहे. माणसे रांगेत उभी राहून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून छायाचित्र काढून घेत होती. मैत्रिणीनेही काढले. भाऊजींनी मोबाइल काढला तो छायाचित्रासाठी नव्हे. अक्षांश-रेखांश दाखवणारे पान उघडून त्यांनी तो रेघेवर आडवा धरला. काही क्षण पाहिले. मग माझ्याकडे वळून, जणू माझी चूक दाखवायला संकोच वाटावा अशा आवाजात म्हणाले, "ताई, हे शून्य नाही नं. पाच सेकंद पश्चिम दाखवून राहिलं."

हा सेकंद घड्याळाचा नव्हे, अंशाचा छत्तीसशेवा भाग. मला ते वाचून माहीत होते, पण कोणाला तरी ते स्वतःच्या हातात सापडताना पाहण्याचा आनंद वेगळा होता. आम्ही तिघे बाहेर पडलो आणि बागेतून पूर्वेकडे चालू लागलो. भाऊजी मोबाइलकडे पाहत होते आणि पावले मोजत होते. एकशे तीसच्या थोडे पुढे, गवतात, जिथे कुठलीही खूण नव्हती तिथे, आकडा शून्य झाला. उपग्रहांनी मोजलेली शून्य रेघ अंगणातल्या रेघेच्या १०२ मीटर पूर्वेला आहे. लहान मुले तिच्यावरून चेंडू खेळत होती.

फरक का पडतो, हे मी सांगायला लागले आणि भाऊजींनी एका शब्दात मला थांबवले. "ओळंबा," ते म्हणाले. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास जी दुर्बीण इथे बसवली, जिच्या मधोमध जाणारी रेघ जगाने मान्य केली, ती दुर्बीण सरळ उभी आहे की नाही हे पाऱ्याच्या पृष्ठभागावरून ठरवत असत, आणि पारा काय किंवा ओळंबा काय, ते जवळच्या जमिनीच्या ओढीला बळी पडतात. पृथ्वीच्या पोटात सगळीकडे सारखे वजन नाही. ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे अगदी नेमका रोखलेला नसतो, केसभर कललेला असतो. उपग्रहाचे गणित मात्र केंद्रापासून होते. तेवढ्या केसभर कलण्याचे इथे १०२ मीटर झाले आहेत.

यातला मला सगळ्यात प्रिय असलेला भाग आपल्या देशातला आहे, आणि तो मी दोघांना त्या गवतात बसून सांगितला. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. तो दक्षिणेकडून मोजत मोजत वीस वर्षे वर सरकत होता आणि जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. पुढे त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने काम हिमालयापर्यंत नेले, तेव्हा मध्य भारतातले कल्याणपूर आणि उत्तरेकडचे कलियाना यांच्या अक्षांशांमधला फरक दोन पद्धतींनी काढल्यावर सव्वापाच सेकंदांची तफावत आली. कोणाची मोजणी चुकली नव्हती. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत होता, पण त्याच्या आकारमानावरून जितके ओढायला हवे त्यापेक्षा कमी ओढत होता. १८५५ मध्ये याचे एक स्पष्टीकरण पुढे आले: पर्वत जमिनीवर नुसते ठेवलेले नसतात, हलक्या खडकांची त्यांची मुळे खोल गेलेली असतात. ते मांडणारा माणूस म्हणजे हाच एअरी, याच टेकडीवर काम करणारा. तिथे सव्वापाच सेकंद, इथे पाचच्या थोडे वर. दोन्हींचा आकडा जवळजवळ एक असणे हा योगायोग आहे, कारण मात्र एकच आहे.

भाऊजी हिंगणघाटला तीन वर्षे होते. त्यांनी ती कबर पाहिली होती. "नोकरीत नवीन होतो. आमच्या साहेबांनी नेलं होतं," ते म्हणाले. "म्हणाले, हा आपल्या खात्याचा म्हातारा आहे, नमस्कार कर." मग बराच वेळ आम्ही गप्प बसलो. खाली नदीचे वळण दिसत होते. मैत्रिणीने विचारले की एका जागेची उंची दुसरीकडे कशी नेतात, म्हणजे झिरो माईलवर ते १०२० फूट आले कसे. हा प्रश्न मला एकतीस वर्षांत एकाही मुलीने विचारला नव्हता. भाऊजींनी गवतावर दोन काड्या रोवून दाखवले: ज्या दगडाची उंची पक्की माहीत आहे त्याच्यावर पट्टी उभी करायची, मध्ये दुर्बीण लावून मागे पाहायचे, मग पुढे पाहायचे, जो फरक येईल तो पुढच्या जागेला द्यायचा, आणि तिथून पुन्हा पुढे. "मागचं वाचल्याशिवाय पुढचं वाचता येत नाही," ते म्हणाले. "बेंचमार्क नसला तर दुर्बीण कितीही चांगली असो, ती नुसती चित्र दाखवते." सकाळपासून अजनी, रामदासपेठ आणि सेमिनरी हिल्स ऐकून मनातल्या मनात नाक मुरडणारी मी, त्या दोन काड्यांकडे पाहत राहिले.

उरलेल्या दिवसाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पाय दुखत होते. परतीच्या गाडीत मैत्रीण माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड होता आणि त्यांच्या हॉटेलच्या दारात निरोप घेताना तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीच बोलली नाही.

मी सप्टेंबरमध्ये नागपूरला परतले. आल्यावर पहिल्याच रविवारी तिच्या आईला भेटायला इंदोऱ्याला गेले. आईंचे वय आता चौऱ्याऐंशी आहे. कान चांगले आहेत, नजर अधू झाली आहे, त्यामुळे मोबाइलवरची छायाचित्रे त्यांना नीट दिसत नाहीत. लेकीने त्यांना सगळे सांगून झाले होते, पाटी, पायऱ्या, टेबल, पुस्तके. तरी त्यांचे समाधान होत नव्हते. खोली केवढी होती, हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. लहान होती म्हणजे केवढी? आपल्या या खोलीएवढी, की शेजारच्या पडवीएवढी?

भाऊजी उठले. आतून त्यांनी नातवाचा खडू आणला, शर्टाच्या खिशातून तीच लहान वही काढली, चष्मा लावून पान वाचले आणि अंगणात उतरले. फरशीवर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ते चालले, तशीच एकसारखी पावले, तसेच हलणारे ओठ. वळले, आडवे गेले. मग वाकून त्यांनी चारही बाजू खडूने जोडल्या. आत पलंगाची जागा आखली, टेबलाची आखली.

लेकीचा हात धरून आई पायरी उतरल्या. खडूच्या रेघेपाशी येऊन त्या थांबल्या, चपला काढल्या आणि मग आत पाऊल ठेवले. काठीने त्यांनी टेबलाची रेघ चाचपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या हळूहळू चालल्या, वळून परत आल्या.

"अन् खिडकी कुठं होती वो जावईबापू?" त्यांनी विचारले.

भाऊजींनी वहीत पाहिले, टेबलाच्या बाजूच्या रेघेपाशी गुडघ्यावर बसले आणि तळहाताने तेवढा खडू पुसून टाकला.